वाळूतली राखीव बाटली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाळू भिजवणं.

आमच्या घराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक रांजण जमिनीत अर्धा पुरलेला आहे. रांजणात वाळू, वाळूत एक लहान मडकं, आणि त्या मडक्यात डॉक्टरसाहेबांची बाटली. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, म्हणजे बाटली थंड राहते. मी घागर वाकडी करायचो आणि गोदी हाताने वाळू चाचपायची. पुरेसं पाणी झालं की म्हणायची, "पुरे." मी थांबायचो. तीन वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशीही ती म्हणाली, "पुरे." मग जमिनीला हात टेकून उठली आणि म्हणाली, "मान धरल्यासारखी झालीय."

मी म्हटलं, "उशाला घोंगडी घेऊ नकोस." आणि पागेत निघून गेलो.

गोदी माझी बायको. ती होती तोवर मी तिचं नाव घेतलं नाही, आमच्यात तशी रीत नाही. आता घेतो.

मी देवासच्या पागेत मोतद्दार. घोड्याची चाकरी करणारा. खरारा करणं, दाणापाणी करणं, लीद काढणं, नालबंद आला की घोड्याचा पाय धरणं. बाप हेच करत होता. आजा साताऱ्याकडून इकडे आला तोही घोड्यांच्या मागे चालतच आला. माझी शाळा दोन वर्षं झाली. साठी उलटली आहे. जोडाक्षरं अडतात तिथे कंपाउंडर विनायकराव नीट करून देतात, बाकी शब्द माझे आहेत.

त्याच्या तीन वर्षं आधी पागेतले चार म्हातारे घोडे मोडीत निघाले. मिरवणुकीला उपयोगाचे राहिले नव्हते. ते डॉक्टर टोकेकरांनी मागून घेतले. घोड्यांबरोबर मीही गेलो, कारण त्यातला सुभेदार नावाचा पांढरा घोडा माझ्याशिवाय कुणाला मानेला हात लावू देत नाही. मला वाटलं, डॉक्टरांना तांग्याला हवे असतील. तसं नव्हतं. त्यांना घोड्यांचं रक्त हवं होतं.

हे जरा सांगावं लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही.

धनुर्वात हा जखमेतून होतो. त्याचं बी पागेच्या मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतं. ते जखमेत पडलं की तिथे रुजतं आणि विष सोडतं. आधी दातखीळ बसते, मग मान, मग पाठ. धनुष्यासारखी पाठ वाकते म्हणून धनुर्वात. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर राहतो. पागेत हे मी चारदा पाहिलं, दोनदा घोड्यात आणि दोनदा माणसात. चौघांतला एकही उठला नाही.

डॉक्टर काय करायचे, तर त्याच विषाचा अगदी मारून नरम केलेला थेंब घोड्याला टोचायचे. मग आठ-दहा दिवसांनी थोडं जास्त. मग आणखी जास्त. घोड्याचं रक्त शिकतं. त्यात त्या विषावरचा उतारा तयार होतो. वर्षभर असं केलं की घोडा ते विष पचवतो. मग त्याच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं आणि काचेच्या बरणीत ठेवून द्यायचं. लाल खाली बसतं. वर पिवळसर पाणी राहतं, ताकावरची निवळ असते तसं. डॉक्टर त्याला सीरम म्हणतात. उतारा त्यात असतो. खिळा लागलेल्या माणसाला ते वेळेवर टोचलं, की घोड्याने वर्षभर शिकलेलं माणसाला आयतं मिळतं.

एकदा डॉक्टरांनी आमच्याच चुलीवर पळीत थोडी निवळ तापवून दाखवली. ती गोठली. पांढरी, थलथलीत.

"अंड्याच्या पांढऱ्याच्या जातीचं द्रव्य आहे हे," ते म्हणाले. "उतारा यातच कुठेतरी आहे. याच्या किती तरी भागांतला कुठला भाग काम करतो आणि बाकीचा उगाच बरोबर येतो, ते मला शोधायचंय. तेवढाच वेगळा काढता आला तर बाटलीचं काम थेंबावर होईल."

गोदी वाकून पळीत बघत होती. म्हणाली, "हा तर खरवस झाला. गूळ घालू का?"

डॉक्टर इतके हसले की पळी चुलीत सांडली. मग एकदम म्हणाले, "गोदाबाई, वासराला चीक पाजला नाही तर काय होतं?"

"जगत नाही बहुतेक. हगवण लागते, मरतं. म्हणून आधी वासराला, मग खरवसाला."

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. एका अडाणी बाईचं बोलणं डॉक्टर लिहून घेताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिला दोन दिवस फार मिजास होती. मला म्हणाली, "तुमचं काही लिहिलंय का वहीत?"

तापलं की गोठतं आणि बिघडतं, म्हणून बाटली थंड ठेवायची. बर्फ इथे कुठला. म्हणून रांजण, वाळू, आणि गोदी.

आता मंजुरीचं. घोडे, त्यांची चंदी, म्हणजे रोजचे हरभरे, गवत, शेड, विलायतेहून येणारी काचेची भांडी, विनायकराव, मी, हे सगळं दरबारच्या ग्रँटवर चालतं. ग्रँट वर्षाची असते. वर्ष संपलं की डॉक्टरांनी पुन्हा अर्ज करायचा. एकदा शेडमध्ये त्यांनी मला विचारलं, "खंडोजी, घोडा तयार व्हायला किती दिवस लागतात?"

"वर्ष."

"आणि मंजुरी कितीची?"

"वर्षाची."

"म्हणजे घोडा तयार झाला त्या दिवशी आपण भिकारी."

खरं होतं ते. चंदी बंद झाली तर घोडे विकले जाणार. घोडे गेले की रक्ताने शिकलेलं गेलं. ते काही कागदावर उतरवून ठेवता येत नाही. पुन्हा नवे घोडे, पुन्हा पहिला थेंब.

त्या वर्षी ठरलं की निम्मा भार धारने उचलला तर निम्मा इथून मिळेल. पागा तिकडेही आहे, खिळे तिकडेही लागतात. म्हणून चैत्र संपता संपता डॉक्टर धारला निघाले. सुभेदाराच्या शेवटच्या रक्ताच्या पाच बाटल्या झाल्या होत्या. चार त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून तांग्यात घेतल्या, आणि विलायती उंदरांची एक टोपली. गिनीपिग म्हणतात त्यांना. धारच्या लोकांसमोर दोन उंदरांना विष द्यायचं, एकाला सीरमही द्यायचं, आणि कोण जगतो ते दाखवायचं.

पाचवी बाटली लाखेचं सील करून आमच्या रांजणात ठेवली.

"ही राखीव," डॉक्टर म्हणाले. "तिकडचे तपासनीस स्वतः येऊन ही फोडतील. तांग्यातल्या बाटल्या वाटेत तापतील, किंवा मी त्यांत काही केलं असं कुणी म्हणेल. या बाटलीवर मंजुरी आहे. सील तुटता कामा नये. गोदाबाई, तुमच्या भरवशावर ठेवतोय."

"माझ्या कशाला, वाळूच्या," गोदी म्हणाली.

तांगा गेला. त्याच दुपारी ती माझी भाकरी घेऊन शेडमध्ये आली आणि तिच्या पायात खिळा गेला. आदल्या दिवशी नालबंद येऊन गेला होता. जुन्या नालेचा खिळा, लिदीत पडलेला. ती कधीच पायात काही घालत नसे. खिळा बोटाचं एक पेर आत होता. मी ओढून काढला. रक्त फार आलं नाही. रक्त येत नाही ती जखम वाईट, हे डॉक्टरांनी मला दहादा सांगितलेलं. पाय ऊन पाण्याने धुतला. तेल-हळद गरम करून भरली.

ती म्हणाली, "त्या बाटलीतलं लागेल का हो मला?"

मी म्हटलं, "तुला कशाला? सुभेदाराला वर्षभर थेंब थेंब देतात तेव्हा कुठे त्याचं रक्त शिकतं. आपण पिढ्यानपिढ्या लिदीत. तुझ्या रक्तात उतारा काठोकाठ भरलेला असेल. तुझंच रक्त काढून बाटल्या भरायला पाहिजेत."

"मग मला चंदी सुरू करा," ती म्हणाली. "भिजवलेले हरभरे. सकाळ-संध्याकाळ."

दोघंही हसलो. पण मी थट्टा केली नव्हती, हे इथे लिहून ठेवतो. मला खरंच तसं वाटत होतं. तीन वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली राहून जे अर्धं कळलं, त्यावर मी हा हिशेब मांडला होता. दुसरा मोतद्दार असता तर त्याला काहीच माहीत नसतं, तो घाबरून दवाखान्यात तरी गेला असता. मला माहीत होतं, म्हणून मी गेलो नाही.

आणि सीलही डोक्यात होतं. किती सील आणि किती माझा शहाणपणा, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

आठवडा गेला. जखम भरली. ती पाणी भरत होती, वाळू भिजवत होती. धारला भेट मिळायला डॉक्टरांना दिवस लागत होते. नवव्या दिवशी सकाळी तिची मान धरली, ते वर सांगितलंच. दुपारी मी जेवायला आलो. तिने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि तशीच थांबली. दात उघडेनात. तिने बोटाने जबडा दाबून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय ओळखलं ते तिने माझ्या तोंडावर वाचलं.

मी दवाखान्यापर्यंत पळत गेलो. विनायकराव हिशेबाची पानं लावत होते.

"सिरिंज घ्या. घरी हिला दातखीळ."

ते उठले. मग थांबले. "सीरम राखीव बाटलीतच आहे, खंडोजी."

"फोडायची."

"साहेबांना विचारल्याशिवाय?"

"साहेब धारला आहेत."

"तार करतो. उत्तर येईल संध्याकाळपर्यंत."

"तार करा. आधी बाटली फोडा."

"नोकरी जाईल हो माझी."

"सील मी तोडतो. तुम्ही फक्त टोचा."

सील मी दातांनी तोडलं. विनायकरावांनी पूर्ण बाटली तिच्या पोटाच्या कातडीखाली टोचली, चार ठिकाणी. टोचून झाल्यावर त्यांनी मला ओसरीवर नेलं. "पहिल्या दिवशी द्यायची असते ही," ते म्हणाले. "दातखीळ बसल्यावर क्वचित."

"क्वचित म्हणजे लागते ना कधी?"

"कधी कधी," ते म्हणाले, आणि तार करायला गेले. मुलगी लोहारद्याला दिलेली, तिकडेही माणूस पाठवला.

मग ते दोन दिवस. धनुर्वाताच्या माणसाला आवाज चालत नाही. भांडं वाजलं, दार आपटलं, की आचका येतो आणि पाठीची कमान होते. आमचं घर पागेला लागून. मला बसवेना. आधी चारही घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. मग त्यांच्या टापांना गोणपाट बांधलं. मग विहिरीच्या रहाटाला तेल घातलं. मग बायकांना सांगितलं, धुणं आपटू नका. मग घरात आलो. मग सुभेदार खिंकाळला, मी दिसलो नाही की तो खिंकाळतो, म्हणून पुन्हा शेडमध्ये पळालो. त्याला दिसावं म्हणून गेलो की इकडे ती एकटी, आणि इकडे आलो की तो तिकडे ओरडणार. दिवसभर मी त्या चाळीस पावलांत येरझारा घातल्या. शेवटी विनायकराव म्हणाले, "तुम्ही घोड्याला घराच्या मागच्या खिडकीशी बांधा." बांधला. तो खिडकीत तोंड घालून उभा राहिला आणि गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सांजेला वाजंत्री ऐकू आली. वैशाख लागला होता, लग्नसराई.

देवास बाहेरच्यांना ठाऊक नसेल. एका गावात दोन राज्यं आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा हुकूम, त्या बाजूला दुसऱ्याचा. वरात त्या बाजूने येत होती. आमच्या पागेच्या जमादाराचा शब्द तिकडे चालणार नव्हता. मी तसाच अनवाणी रस्ता ओलांडून गेलो आणि पुढच्या ढोलवाल्याच्या ढोलावर हात ठेवला.

"ओ भिया, कंई करो हो?" तो चिडला.

नवरदेवाचा मामा पुढे आला. मोठा लाल फेटा, तोंडात पान. मी त्याला हिंदीत सांगितलं, माझ्या घरवालीला धनुर्वात झालाय, आवाजाने झटके येतात, समोरचंच घर आहे.

मागून कुणीतरी म्हणालं, "बिना बाजे की बरात? ये तो मय्यत लगेगी."

मामाने मागे न बघता त्याला सांगितलं, "तू चुप रे." मग पान थुंकून मला म्हणाला, "जाव काका, फिकर मत करो. बाजो नी बजेगो."

ती वरात आमच्या घरासमोरून तशीच गेली. शंभर माणसं, मशाली, आणि आवाज नाही. नवरदेवाच्या घोड्याच्या गळ्यातली घुंगरं मामाने दोन्ही मुठींत दाबून धरली होती आणि तो घोड्याबरोबर वाकडा वाकडा चालत होता. त्या माणसाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी आत आलो. गोदी जागी होती. बोलता येत नव्हतं. तिने डोळ्यांनी कोपरा दाखवला. रांजण. सांजेची वेळ होती, वाळू भिजवायची वेळ. मी मान हलवली, त्यात आता बाटली नाही. तिने पुन्हा दाखवला. मी म्हटलं, "रिकाम्या मडक्याला कशाला पाणी?" हळूच म्हटलं, तरी तिला आचका आला. मग मी बोललो नाही. आणि पाणीही घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मुलगी पोचली तेव्हा आम्ही परतत होतो.

तार मिळताच निघालेला डॉक्टरांचा तांगा त्याच सांजेला आला. मागच्या तांग्यात धारचे तपासनीस होते, ते मुक्कामाच्या जागी गेले. डॉक्टर थेट माझ्याकडे आले. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. ओसरीवर माझ्याशेजारी बसले.

मग म्हणाले, "खिळा कधी लागला?"

"तुम्ही निघालात त्या दुपारी."

"त्याच दिवशी का नाही दिलं?"

मी त्यांना खरं सांगितलं. लिदीत जन्मलो, रक्तात उतारा असेल, असं वाटलं. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"नाही हो खंडोजी. अंगाला लागून रक्त शिकत नाही. जखमेतून जातं ते एकदम जातं, मारण्याइतकं. शिकायला वेळच मिळत नाही. सुभेदाराला मोजून, मारून, वर्षभर द्यावं लागतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. घोड्याचं सांगितलं, माणसाचं सांगायचं राहिलं."

मी विचारलं, "धारचं काय झालं?"

"उंदीर ठरल्याप्रमाणे. एक मेला, एक जगला. सगळ्यांनी पाहिलं. आता राखीव बाटली पाहिली की सही."

आम्ही दोघांनीही आतल्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. सुतकात जाऊ नये. जमादार म्हणाला, "आज तरी नको, खंडोजी." पण सुभेदार दुसऱ्याला हात लावू देत नाही, आणि तपासनीस घोडे बघायला येणार होते. मी त्याला खरारा केला. टापांचं गोणपाट सोडलं.

तपासनीस आले. उंच, सावकाश बोलणारे, काखेत चामड्याची फाइल. घोडे पाहिले, दात पाहिले, वही पाहिली. मग म्हणाले, "ती राखीव बाटली आणा."

डॉक्टर काही बोलणार तोच मी म्हटलं, "मी फोडली. बायकोला टोचली."

"काय झालं होतं?"

"धनुर्वात."

"बरी आहे आता?"

"काल गेली."

त्यांनी फाइल उघडून काही लिहिलं. "वाईट झालं," ते म्हणाले. मग लिहीत लिहीतच म्हणाले, "पण म्हणजे औषध लागू पडलं नाही."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी उत्तर द्यायला हवं होतं. ते देईनात. का ते मला कळलं. उत्तर द्यायचं तर माझ्यासमोर म्हणावं लागणार होतं की चूक या माणसाची. आदल्या दिवशी ज्याने बायकोला अग्नी दिला त्याच्यासमोर. त्यापेक्षा ते मंजुरी जाऊ देत होते. चार घोडे, तीन वर्षं, आणि तिने चाचपलेली सगळी वाळू.

म्हणून मी बोललो.

"साहेब, लिहिलंत ते खोडा. औषधात खोट नाही, माझ्यात आहे. खिळा लागला त्या दिवशी ही बाटली माझ्या घरात होती. हिने मागितली. मी दिली नाही. नऊ दिवसांनी दिली."

"नऊ दिवसांनी काय फरक पडतो?"

"घोडा सुटला, साहेब, तर रस्त्यात आहे तोवर दोर टाकून धरता येतो. तो दुसऱ्याच्या वाड्यात शिरला आणि आतून दार लागलं, मग तुमच्या हातात कितीही चांगला दोर असो. विषाचं तसंच आहे. रक्तात फिरतं तोवर उतारा त्याला धरतो. दातखीळ बसली म्हणजे ते आत जाऊन बसलं. दोराला नावं ठेवू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हे तुला कुणी शिकवून ठेवलंय?"

"शिकवलं होतं साहेब तीन वर्षं. मी शिकलो असतो तर ती आज असती."

सुभेदार पाय आपटत होता. तपासनिसांनी लिहिलेलं वाचलं, आणि त्यावर रेघ मारली. मग म्हणाले, "डॉक्टर, आत्ता माझ्यासमोर रक्त काढा. बरणीला सील मी करीन. निवळ निघाली की मी निवडीन त्या उंदरांवर पाहू."

मी सुभेदाराचं तोंड छातीशी घेतलं आणि कानामागे खाजवत राहिलो. डॉक्टरांनी शीर शोधली. सुई गेली तेव्हा घोडा हलला नाही. रक्त नळीतून बरणीत पडत होतं, गरम, फेस येत. माझ्या सदऱ्यावर त्याचा घाम लागला. तपासनिसांनी स्वतःच्या अंगठीने लाखेवर ठसा उमटवला.

पुढे पंधरवड्याने मंजुरी आली. निम्मी धारची, निम्मी इथली, आणि या खेपेला एका वर्षाची नाही, दोन वर्षांची. डॉक्टर तो उतारा वेगळा काढायच्या मागे लागले आहेत. अजून निघालेला नाही. एका क्षाराने निवळ फाडतात, दुधासारखी, आणि कुठल्या भागात जोर राहिला ते उंदरांवर बघतात. नियम मात्र बदलला. आता राखीव दोन बाटल्या ठेवतात. एक तपासणीची, एक ज्याला खिळा लागेल त्याची. दुसरीवर सील नसतं. वर्षभरात ती तीनदा भरावी लागली. तिघंही कामावर आहेत, एकाचा पाय थोडा अधू आहे, पण तो आधीपासूनचाच.

हे लिहायला डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणाले, माझं कुणी ऐकत नाही, तुमचं पागेवाले ऐकतील. तर पागेवाल्यांना एवढंच सांगणं. खिळा लागला की त्याच दिवशी या. जखम लहान आहे म्हणू नका, रक्त आलं नाही म्हणू नका, आणि आम्ही लिदीत जन्मलो असं तर मुळीच म्हणू नका. अर्धं कळलेलं असेल तर पूर्ण विचारा.

त्या सकाळचं एक राहिलं.

सील केलेली बरणी निवळ निघेपर्यंत थंड ठेवायची होती, आणि तशी जागा आमच्या घरातच होती. मी ती दोन्ही हातांनी घरी आणली. मुलगी आत झोपलेली होती. मडक्यात बरणी मावेना म्हणून मडकं काढलं आणि बरणी नुसत्या वाळूत बसवली. वाळू तीन दिवसांत कोरडी ठणठणीत झाली होती. घागर घेतली, वाकडी केली आणि ओतू लागलो. पाणी वाळूत गेलं, मग वाळूवर आलं, मग रांजणाच्या काठावरून जमिनीवर उतरून चुलीपर्यंत पोचलं. पाय भिजले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुरे म्हणायला कुणी नव्हतं. मी घागर खाली ठेवली आणि फडकं आणायला गेलो.